मतदानाआधी मरायचं न्हाई

आमच्या अप्पांनी आमच्या लग्नांची केली न्हाई एवढी तयारी स्वतःच्या मरणाची केली होती. खजुरी गावच्या आमच्या शेतात आईच्या समाधीशेजारी आपली जागा आखून ठेवली होती. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर ठेवून. अप्पांचा हा विषय नेमका जेवताना निघायचा. "मला मशिनीला लावू नका. लिंग हातात द्या आन् गप बसा." आमचा घास तोंडातच राहायचा. "अप्पा, आधी भाजी कशी झालीय ते सांगा," मी म्हणायची.

शहाऐंशीव्या वर्षी त्यांच्या फुफ्फुसात पाणी झालं, किडन्या बसल्या. माझ्या धाकट्या भावानं त्यांना गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात टाकलं. मी सासरहून, आळंदहून धावत गेले, तर अप्पा आयसीयूत. गळ्यातलं लिंग नर्सनं काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, वर बेड नंबर लिहिलेला. तोंडावरचा श्वासाचा मास्क ओढून काढतात म्हणून दोन्ही हात पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधलेले. जन्मात कधी लिंग छातीवरून न काढलेला माणूस तो! मला बघितलं आन् डोळ्यांनी हातांकडं दाखवलं. मला लई राग आला, रडूबी आलं. नर्स कानडीत म्हणाली, अज्जांच्या भल्यासाठीच बांधलंय.

बुधवारी डॉक्टर म्हणाले, आता मास्कनं भागणार न्हाई, घशातून नळी घालून व्हेंटिलेटरला लावावं लागेल. बरे होतील असं काही ते म्हणाले न्हाईत. काही दिवस निघतील, एवढंच म्हणाले.

तेवढं ऐकून भावाच्या तोंडावर तेज आलं. गडी ग्रामपंचायतीला उभा होता, चिन्ह कुकर, मतदान रविवारी. मतदार त्याला अण्णा म्हणायचे. मी घरात गाढव म्हणायची.

"लावा मशीन," तो म्हणाला.

"अप्पा काय म्हणले होते? विसरलास व्हय रे?"

"अक्का, चार दिवसांचा सवाल हाय. आज गेले तर सुतक पडतंय. सुतकातला माणूस दारोदार हात जोडत फिरायला लागला तर लोक दार लावून घेतील."

"आपल्यात कुठलं आलं सुतक? अंगावर लिंग असलेल्याला सुतक न्हाई, हे पाळण्यात असल्यापासून ऐकायलोय की!"

"आपल्यात नसतंय. मतदारांत असतंय."

कप्पाळ माझं! आयसीयूच्या दारात उभी राहून मी फिसकन हसले. रोजच्या बिलाचा आकडा मी दोन-दोनदा विचारून घ्यायची, तर हा म्हणतो, काळजी करू नको, प्रचाराला काढलेल्या पैशातून भरायलोय. म्हणजे अप्पाबी आता प्रचारातच होते.

मग त्यानं मठाच्या स्वामींना बोलावलं. मी ऐकंना म्हणून. स्वामी पांढऱ्या गाडीतून आले. नर्सनं आत सोडलं न्हाई, तर काचेतूनच भस्माची बोटं दाखवली आन् म्हणाले, "शिवाची इच्छा."

"खरंय स्वामी," मी म्हणलं. "पण शिवाची इच्छा नळी घालायची हाय का घरी न्यायची?"

स्वामींनी भावाकडं बघितलं. निवडून आला की मठाला फरशी बसवून देतो, असं भाऊ बोलून बसला होता. "मशिनीतबी शिवच हाय," स्वामी म्हणाले, आन् चहा पिऊन गेले.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी दोन कागद पुढं ठेवले. एक नळीच्या संमतीचा, दुसरा आपल्या जबाबदारीवर घरी नेतो म्हणून. भाऊ बाहेर फोनवर होता, वॉर्डातलं कोण फुटलं त्याची चौकशी करत.

"मुलगा कुठंय? सही मुलाची लागते," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, शेत मुलाच्या नावावर करताना माझी सही चालली होती. हितंबी चालंल."

बाई आन् पुरुष समान, हे अप्पा दर बसव जयंतीला माईकवर सांगायचे. हक्कसोडीच्या दिवशी तेवढा माईक न्हवता. मी दुसऱ्या कागदावर सही केली. भाऊ आत आला तवा काम झालं होतं. "माझं वाटोळं केलीस अक्का!" एवढं ओरडला आन् तिथूनच प्रचाराला निघून गेला.

दुपारी अँब्युलन्सनं खजुरीला पोचलो. खाटेशेजारी ऑक्सिजनची टाकी ठेवली. वाटेतबी बांधून ठेवलेले अप्पांचे हात मी सोडले. मनगटांवर पट्टीचे वळ उठले होते. लिंग धुतलं, भस्म लावलं आन् त्यांच्या तळहातावर ठेवलं. बोटं आपोआप मिटली. बाई गं, काय बरं वाटलं मला! अख्ख्या घरात अप्पांचं मन एकट्या मला कळलं, असं वाटलं.

तास-दीड तासानं चमच्यानं पाणी पाजत होते, तवा त्यांनी डोळे उघडले.

"तो कुठंय?"

"प्रचाराला गेलाय. यील की."

"मतदान झालं?"

"रविवारी हाय, अप्पा."

"मग मला कामून आणलीस?" एकेका शब्दाला दम लागत होता. "ऱ्हायलो असतो की तिथं. पोरगं पडलं म्हंजे?"

मी चमचा वाटीत ठेवला. मशिनीला लावू नका, लावू नका म्हणून जन्मभर आमची जेवणं कडू केली, आन् पोराच्या एका वॉर्डासाठी ते हात बांधून घ्यायला, नळी घालून घ्यायला तयार होते. माझ्यासाठी हा माणूस कधी साधा बसस्टँडपर्यंत आला न्हवता. मी तोंड पुसलं त्यांचं आन् आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. दुःख न्हवतं ते. राग होता, नुसता राग.

शुक्रवारी सकाळी अप्पा गेले. लिंग हातातच होतं. मी भावाला फोन केला. तो प्रचार टाकून अनवाणी पळत आला, अप्पांच्या पायांवर पडून लेकरासारखा हमसून हमसून रडला. कुकर न्हाई, सुतक न्हाई, कशाचं भान न्हवतं त्याला. मग माझा हात घट्ट धरला.

"अक्का, खरं सांग. अप्पा माझ्यावर रागावून गेले का गं? जाताना माझं नाव तरी काढले का?"

सुजलेले डोळे माझ्यावर लावून तो वाट बघत होता. अप्पांचं ते एक वाक्य सांगितलं असतं, तर त्याला जन्मभर पुरलं असतं.

"न्हाई," मी म्हणलं. "काहीच बोलले न्हाईत."