वर्षभर न हललेला माल

माझ्या साडूंएवढा निरुपयोगी वस्तूंचा वैरी महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नसेल. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं. वर्षभर न हललेला माल भंगारात, हा तिथला नियम निवृत्त होताना ते घरी घेऊन आले. पहिल्या आठवड्यात पाहुण्यांच्या गाद्या गेल्या, मग पुरणयंत्र गेलं, आणि पाठोपाठ मोटारसायकलचा आरसाही. "मागं बघून करायचंय काय?" एवढंच त्यावर त्यांचं स्पष्टीकरण. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, तेवढी वाचली, कारण ती दिवसभर हलतीच असायची.

पुढे लोकांच्या घरी कॉम्प्युटर आले आणि साडूंना नवं स्टोअर सापडलं. कुणाचा कॉम्प्युटर रखडतोय असं कानावर आलं की रविवारी सकाळी ते दारात हजर. आधी साबणाने हात धुवायचे, मग घरातल्या सगळ्यांना समोर बसवायचे आणि आतल्या प्रोग्रामांची यादी हजेरी घेतल्यासारखी वाचायचे. "हे कोणाचं हाय?" यावर कुणी बोललं नाही की तो प्रोग्राम गेलाच. वेग मोजायची पद्धतही खास त्यांची. बटण दाबताना ते स्वयंपाकघराकडे बघून "चहा ठेवा" म्हणायचे, आणि आधण यायच्या आत कॉम्प्युटर सुरू झाला तर काम फत्ते. एका मास्तरांच्या कॉम्प्युटरमधून त्यांनी एकदा आवाजच काढून टाकला. मास्तर तक्रार घेऊन आले तर साडू शांतपणे म्हणाले, "पण पळतो का नाय आता?"

आमच्या पोलादपूरच्या घरी मुंबईच्या भावाने आपला जुना कॉम्प्युटर पाठवला होता. तो सुरू होईतो चहा पिऊन कपबशा विसळून व्हायच्या. साडू आले तेव्हा घरी मी एकटाच होतो. यादीत मोटारींच्या शर्यतीचा एक अवाढव्य गेम निघाला. शेवटचा वापर कधी, तेही समोरच लिहिलेलं होतं: गेल्या मे महिन्यात. "वर्ष होत आलं, हललेला नाय," साडू म्हणाले. मीही मान डोलावली. गेम गेला आणि कॉम्प्युटर खरोखरच पळायला लागला.

चार दिवसांनी पुतणीचा मुंबईहून फोन आला. "आजी, गाड्यांचा गेम आहे ना अजून?" आई म्हणाली, "हाय की गो, तुझाच हाय." फोन ठेवल्यावर मी आईला खरं सांगितलं आणि तिचा चेहरा पडला. पोरीला इथे मैत्रिणी नव्हत्या. मागच्या सुट्टीत ती महिनाभर टिकली होती ती त्या गेमच्या जिवावर. आईने साडूंना बोलावून घेतलं. "पाहुणे, आमच्या घरातलं निम्मं सामान मे महिन्यात नि गणपतीतच हलतं," ती म्हणाली. "ती माणसं येतात म्हणून ठेवलेलं हाय सगळं."

साडू आल्या पावली महाडला परतले. पुढचे आठ दिवस ते त्या गेमच्या सीडीसाठी महाडमधली दुकानं आणि क्लास पालथे घालत होते. अखेर ती निघाली त्याच मास्तरांच्या मुलीकडे. आधी आमचा आवाज परत आणा, मग सीडी, असं मास्तरांनी ठणकावलं, आणि साडूंनी दोन रविवार खर्चून तो आणला.

पुतणी आली, महिनाभर राहिली. आई तिच्या शेजारी बसून "जपून गो, जपून" म्हणत राहिली. त्यानंतर मात्र दहावी आली, कॉलेज आलं, आणि पोरीचं राहणं दोन दिवसांवर आलं. कॉम्प्युटरकडे ती बघायचीही नाही. तरी आई म्हणायची, असू दे, एखाद वेळी मागेल.

साडू दर महिन्याला येऊ लागले. स्वतः गेम लावायचे आणि पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर घालायचे. "भाऊ, आता काढून टाकू या का?" मी एकदा साडूंना विचारलं. त्यांनी यादीतल्या तारखेवर बोट ठेवलं. "कसा काढणार? आजच वापरलेला हाय." त्या वेळी मला या माणसाबद्दल जे वाटलं ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. आई होती तोवर त्यांचा एकही महिना चुकला नाही.