गणपती करून येते

मैत्रिणींनो, सकाळी दवाखान्यातून फोन आला. तपासणीत माझ्या गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी बदललेल्या सापडल्यात. "कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो. सोमवारी या, तेवढा भाग काढून टाकू," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी पटकन बोलून गेले, "गणपती करून येते ना."

फोन ठेवला आणि लक्षात आलं. हे वाक्य माझं नाही, सुमनमावशीचं आहे.

चौऱ्याऐंशी साल, घाटकोपरची आमची चाळ. मावशीलाही डॉक्टरांनी हेच सांगितलेलं. इन्फेक्शनने तिथे डाग पडलाय, पुढे कॅन्सर होऊ शकतो, आत्ताच तेवढा भाग गोठवून नष्ट करू, थोड्या वेळाचं काम आहे. मावशी आईला म्हणाली, "दुखत नाय, खुपत नाय. गणपती करून येतंय गो. थंय गावाक मोदक कोण करतला?"

गणपती करून आली. मग शिमगा आला, नणंदेचं लग्न आलं, परत गणपती आले. पाचव्या वर्षी गावच्या घरी मोदक करून उठली, तेव्हा खालचा पाट रक्ताने भिजलेला होता. दुखत तेव्हाही नव्हतं.

पुढच्या गणपतीत मावशी नव्हती. तिच्या घरचे मोदक आईने केले.

मी परत फोन लावून सोमवारचीच वेळ घेतली. तुम्ही तपासणीला कुठल्या सणानंतर जाणार आहात?