आत्या, बोट आणि पेनांगची शेळी

माझ्या आत्याइतकं जनावरांत जीव गुंतलेलं माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरं नसेल, आणि जनावरांना मत विचारलं तर ती म्हणतील, जगात नसेल. घाटनांदूरला तिच्या घरी गेलं, की आपल्याला पाण्याचा तांब्या मिळण्याआधी शेरडांना पाणी झालं का, याची खात्री होते. माणसांच्या तोंडवळ्यात तिचा नेहमी गोंधळ उडतो. सख्ख्या जावयाला तिनं एकदा वीजबिलवाला समजून दारातूनच वाटेला लावलं होतं. पण सात वर्षांपूर्वी विकलेल्या शेळीच्या कानावरचा ठिपका डावीकडं होता की उजवीकडं, हे झोपेतून उठवून विचारा. नेकनूरला माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ती गायब झाली. शोधली तर मांडवामागं, पैठणीचा काष्टा खोचून, शेजाऱ्याच्या म्हशीच्या पोटावर कान लावून उभी! आई चिडली, तर म्हणाली, "नवरदेव कुठं पळून चाल्लाय? हिचं पोट लई फुगलंय."

दुसरी गोष्ट म्हणजे, मराठी सावकाश आणि मोठ्यानं बोललं की जगात कुणालाही कळतं, असा तिचा ठाम समज. तिचा मुलगा सिंगापूरला नोकरीला. मागच्या वर्षी त्यानं आईला चार दिवसांची बोटीची सहल घडवायची ठरवली आणि सोबतीला मला धाडलं. ती सात मजली बोट, ते झुंबर, त्या काचेच्या लिफ्ट बघून माझी वाचा बसली, आत्या मात्र पहिल्याच सकाळी पांढऱ्या हातमोज्यांतल्या फिलिपिनो वाढप्याला म्हणाली, "बाबा, च्या दे. च्या. साखर जास्त." त्यानं वाकून चहा आणला, साखर जास्त. त्या दिवसापासून माझ्या इंग्रजीची किंमत घसरली ती घसरलीच.

तिसऱ्या दिवशी बोट मलेशियातल्या पेनांग बेटाच्या धक्क्याला लागली. चारच्या आत परत या, नाही तर बोट थांबणार नाही, असं कर्ण्यावरून तीनतीनदा सांगितलं. धक्क्यावर आठवडी बाजाराच्या तिप्पट गर्दी. फुलांनी मढवलेल्या सायकलरिक्षा, शहाळीवाले, छत्र्या विकणाऱ्या बाया, आणि एकाच वेळी दोन बोटींतून उतरलेले आमच्यासारखे बावरलेले लोक. घाम पुसत आत्या म्हणाली, "इतकी माणसं, आन एक जनावर न्हाई. ही कशी राहत्यात हितं?" म्हणून एका वयस्कर तमिळ टॅक्सीवाल्याला ठरवलं आणि बेटाच्या मागच्या अंगाला, डोंगराकडच्या बागा बघायला गेलो.

येताना अडीच वाजले होते. एका वळणावर आत्यानं एकदम ड्रायव्हरच्या खांद्यावर हात मारला. "थांबव! शेळी अडलीय." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. टॅक्सी उभी राहीपर्यंत दार उघडून ती खाली उतरलीसुद्धा. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या घरामागं खरंच एक काळी शेळी आडवी पडून कण्हत होती आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक मलायी बाई तिच्या मानेखाली हात घालून रडत होती. मी इंग्रजीतून ड्रायव्हरला सांगायचं, त्यानं मलायीतून बाईला, अशी व्यवस्था लावेपर्यंत आत्या मांडी घालून बसली होती आणि त्या बाईनं आत्याच्या हातांना कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळलं होतं.

"पाय मागं मुडपलाय पिल्लाचा," आत्या म्हणाली.

"आत्या, तीन वाजत आले. बोट जाईल. आपले पासपोर्ट बोटीवर आहेत!"

"गेली तर दुसरी यील. हिला कोण हाय आता?"

मी अंगणात येरझारा घालत राहिलो. आत्या शेळीशी हळू बोलत होती, तिच्या कळेबरोबर ओढत होती, कळ थांबली की थांबत होती. मग एक चिकट, निपचित करडू तिच्या हातात आलं. तिनं त्याचं नाक पुसलं, फुंकर घातली, पदरानं खसाखसा चोळलं. काहीच नाही. "ये की रं," ती म्हणाली. आणि करडू शिंकलं.

ती बाई आत्याच्या गळ्यात पडली. मी घड्याळ दाखवलं, तर उत्तर आलं, "वार पडल्याबिगर उठायचं न्हाई." अखेर करडामागून यायची ती वार पडली, ड्रायव्हरनं गाडी अशी पिटाळली की मी डोळेच मिटले, आणि शिडी उचलायच्या बेतात असताना आम्ही धक्क्यावर पोचलो. बोटीच्या दारावरच्या पोरीनं आत्याच्या लुगड्याकडं पाहिलं, वास घेतला आणि जंतुनाशकाची बाटली जवळजवळ रिकामी केली. आत्यानं हळद लावून घेणाऱ्या वधूसारखे दोन्ही हात पुढं धरले.

संध्याकाळी आम्ही कठड्याशी उभे होतो. बेट मागं पडत होतं, डोंगर निळा होत चालला होता.

"त्या बाईचं नाव इचारायचं राहिलं बघ," आत्या म्हणाली.

"पुढच्या खेपेला विचारू," मी म्हटलं.

"व्हय," आत्या म्हणाली. "यिऊ की." पुन्हा येणं होणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी डोंगर दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघंही तिथून हललो नाही.