काठावरचा वाटा

कॉम्प्युटरला 'जेवलास का' एवढंच विचारायचं बाकी ठेवलेला माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. भंडाऱ्याच्या कॉलेजात तो माझा प्रॅक्टिकलचा जोडीदार होता. घर दिघोरीकडचं, धंदा तलावातल्या मासेमारीचा. कीबोर्डला हात लावायच्या आधी तो नमस्कार करी. पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटली की आम्ही कपाळाला हात लावायचो; हा मात्र खुर्ची पुढे ओढून, रुसलेल्या भाचीची समजूत काढावी तशा आवाजात विचारायचा, "काहून रागावून राहिली, बाई?" डब्यात तळलेला मासा एकच असला तरी त्याचे तुकडे सगळ्या लॅबमध्ये फिरत. मी मासे खात नाही हे कळल्यावर त्याने मला वगळलं नाही. माझ्यासाठी रोज वेगळी मिरची तळून आणू लागला. ती इतकी जहाल असे की मासा परवडला असता.

आदल्या वर्षी तो प्रोग्रामिंगमध्ये नापास झालेला. यंदा नाही जमलं तर कॉलेज सोड आणि डोंगा धर, असं बाबांनी बजावलं होतं, आणि बाबा शब्दाचे पक्के. डोंगा वल्हवणं त्याला आवडायचं, पण लाल अक्षरांची समजूत काढणं त्याहून आवडायला लागलं होतं. त्यामुळे मॅडमनी जोडीजोडीने स्वतःचा व्हिडिओ गेम बनवायला सांगितला, तेव्हा त्याच्यापेक्षा मलाच जास्त घोर लागला.

वर्गाने गाड्या पळवल्या, बंदुका झाडल्या. आम्ही तलाव केला. जाळं टाकायचं, मासे धरायचे, स्कोअर वाढवायचा. सगळं झकास होतं, फक्त स्कोअर वाढत नव्हता. शोधता शोधता कळलं, या गड्याने काठावर माणसं उभी केली होती, आणि जाळं वर आलं की प्रत्येकाला मासा देऊन टाकत होता. काठावर मॅडम होत्या, लॅबचे शिपाईकाका होते, निळ्या शर्टातला मी होतो, आणि माझ्या शेजारी एक बगळाही होता. निदान बगळा तरी काढ, असं मी चिडून म्हटलं. तो खरोखर दुखावला.

"तळ्यावर उभा असन, त्याले वाटा भेटतेच," तो म्हणाला.

त्याच्या गावात जाळं ओढायच्या दिवशी काठावर कोणीही उभा असो, टोपली घरी जायच्या आधी त्याच्या हातावर मासा पडतोच. मॅडमनीही समजावून पाहिलं, पण बगळा हलला नाही.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी झपाझप मासे धरले, स्कोअर शून्य पाहिला आणि चष्मा काढला. यात जिंकायचं कसं, त्यांनी विचारलं.

"सर, सगळ्याईले भेटलं, कोणी रिकामा नाई उरला, म्हंजे जिंकलं," जोडीदार म्हणाला.

मग हे कॉम्प्युटरला कुठे सांगितलंय, असं सरांनी विचारलं. तो गोंधळला. इतकी साधी गोष्ट सांगावी लागते, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. "हे बी लिहा लागते का, सर?"

सरांनी मान डोलावली आणि खुर्ची दाखवली. त्याने नमस्कार केला आणि मला एक शब्द न विचारता ती अट लिहिली. लाल अक्षरं आली नाहीत. सरांनी पुन्हा जाळं टाकलं; शेवटचा मासा बगळ्याला गेला आणि पडद्यावर 'जिंकलं' उमटलं. सर हसले. तो पास झाला.

आता तो पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि मी मोहाडीत पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. फोन सणासुदीलाच होतो. त्याची फार आठवण येते, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. पण आमचा तलाव तो अजून दुरुस्त करत असतो, अधूनमधून नवा करून पाठवतो. काठावर आता परीक्षेचे सर आहेत, मला अनोळखी असे पुण्यातले बरेच चेहरे आहेत. एवढ्या गर्दीत एखादा जुना गाळला जाईल, अशी धास्ती मला दर वेळी वाटते. मी घाईघाईने जाळं टाकतो. निळा शर्ट बगळ्याशेजारी उभाच असतो, आणि सगळ्यांच्या हातावर मासा पडतो तेव्हा माझ्या हातावर मिरची पडते.