वाया गेलेली अकरा वर्षे

आमच्या दाजींइतका, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका, शास्त्रशुद्ध माणूस अवघ्या सोलापुरात झाला नसेल. आणि आपल्यात शास्त्राचा लवलेशही उरलेला नाही, याची इतकी खात्री असलेलाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी अकरा वर्षे काढली. वडील गेले, आणि चादरींचे सूत रंगवण्याचा घरचा कारखाना सांभाळायला ते परतले. "अकरा वर्षं वाया गेली," हे ते सुस्कारा न टाकता, आजचे तापमान सांगावे तसे सांगत.

सवयी मात्र पुण्यात राहिल्या नव्हत्या. अक्काने शेंगांची चटणी केली की तिच्या तीन बरण्या होत, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी लागे, आणि दर बरणीत एकच गोष्ट बदललेली असे. कधी लसूण, कधी तिखट. एकदा मैंदर्गीचे पाहुणे मधली बरणी भाकरीबरोबर फस्त करून गेले.

"अगं, तुलनेचा नमुनाच खाल्ला त्यांनी!"

"अहो, चटणी होती ती," अक्का म्हणाली. "मग काय भाकरी तुमच्या वहीला लावून खायची होती?"

वहीत नोंद झाली : 'नमुना दोन, पाहुण्यांमुळे बाद.'

दुष्काळाच्या साली कारखान्यातल्या सुताचा लाल रंग धुतल्यावर सुटू लागला. सर्वांनी म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे बोट दाखवले. दाजींच्या धाकट्या भावाने तर त्याला काढायचेच ठरवले. "आठ दिवस थांब," दाजी म्हणाले. तोच रंग, तोच रंगारी, तेच सूत. फक्त पाणी निरनिराळ्या विहिरींचे. अशा लडी त्यांनी रंगवून घेतल्या आणि स्वतः धुतल्या. कारखान्याची विहीर आटल्यापासून जिचे पाणी येत होते, त्या एकाच विहिरीच्या लडीने रंग सोडला.

"सायब," रंगारी डोळे पुसत म्हणाला, "तुमचं शिक्षान लई कामाला आलं की!"

"छे हो मामा, ही नुसती टापटीप. शिक्षण वाया गेलं ते गेलंच."

कॉलेजला सुटी म्हणून लडी वाळत घालायला मी तिथेच होतो. 'दाजी, हेच तर ते शिक्षण,' एवढेच म्हणायचे होते. मोठ्यांपुढे बोलण्याचा संकोच आडवा आला. पुढे कधीतरी म्हणू, असे म्हणता म्हणता दाजीच गेले.

त्यांच्या वह्या अक्काने माझ्याकडे दिल्या आहेत. त्या लडींच्या पानावर 'निष्कर्ष'पुढे 'पाणी' एवढाच शब्द आहे. खाली चार ओळी कोऱ्या आहेत. मला म्हणायचे होते ते तेवढ्यात सहज मावले असते.