खुर्चीचा पट्टा

शब्दकोशाच्या कचेरीत त्याचे केस पिकले. जेवताना पानात काय वाढलंय ते बघायचं सोडून हा शब्दांची मुळं शोधत बसायचा, म्हणून कचेरीत सगळे त्याला 'मूळपुरुष' म्हणत. घरी बायको नाही, मुलं नाहीत. होती ती एक आई, आणि तिला आता लेकाचीही ओळख राहिली नव्हती. उठून चालायला लागायची आणि पडायची.

त्या दिवशी टेबलावर 'स्ट्रॅप' हा इंग्रजी शब्द होता. पट्टा, बंद, बसमध्ये उभ्या माणसानं धरायचा तो, पट्ट्यानं मारणे. वस्तऱ्याला धार लावायचं चामडं, 'स्ट्रॉप', तेही याच घरातलं, कारण तेच या शब्दाचं जुनं रूप. त्यामागे लॅटिन, त्याच्याही मागे ग्रीक, आणि तिथं अर्थ पीळ दिलेला बंद. एरवी असं मूळ हाती लागलं की स्वारी दिवसभर खुशीत असायची. आज टेबलाखाली पाय एकसारखा हलत होता.

सकाळीच आईला सांभाळणाऱ्या मावशींनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "दादा, येताना पट्टा आणा. खुर्चीला बांधल्याशिवाय आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. काल पडल्या तेव्हा डोळा वाचला, नशीब समजा."

"अजून त्याच शब्दावर?" संपादकबाईंनी विचारलं.

"बाई, 'जखडणे' घालू की 'सावरणे'?"

"दोन्ही घाला आणि पुढं चला."

त्यानं दोन्ही घातले, पण जिवाला चैन पडेना. उठला, पाणी प्यायला, घरी फोन लावला, मावशी "बसल्यात हो" म्हणाल्या तसा ठेवला, आणि बसल्याबसल्या पुन्हा उठला.

संध्याकाळी दुकानात त्यानं चाचपून चाचपून सगळ्यात मऊ पट्टा निवडला. मऊ निवडल्याचीच मग त्याला लाज वाटली.

आईच्या कपाळावर कालचं टेंगूळ तसंच होतं. त्यानं पट्टा खुर्चीमागून घेऊन तिच्या कमरेभोवती आणला. ती आता ओरडेल, निदान एखादी शिवी तरी हासडेल, अशी त्याची खात्री होती. तसं झालं असतं तर बरंच वाटलं असतं त्याला.

बकल लागलं. आईनं पट्ट्यावरून हात फिरवला, ओढून पाहिला, आणि कित्येक महिन्यांनी त्याच्याकडे नीट, आईसारखं पाहिलं.

"गाडी सुटायच्या आधी तूही लावून घे बाळा," ती म्हणाली. "तुझा कुठाय?"