न वाळलेली चादर

ओल्या सुती चादरीचा कोंदट वास आला, की वडिलांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली ती दुपार आठवते. आचोळ्यातल्या आमच्या घरची वीज सकाळीच गेली होती आणि त्यांचा ताप उतरत नव्हता. नोकरीची सारी वर्षे त्यांनी राजस्थानच्या वाळवंटात काढली होती. "खिडकीत ओली चादर लाव, पोरी. विजेला विचारतंय कोण!" ते म्हणाले. तिकडे आई तसेच करायची. कोरडा वारा चादरीतले पाणी शोषून घेई आणि वाफ होऊन जाणारे ते पाणी हवेतली उष्णता सोबत नेई. घटकेत चादर वाळे, खोली मात्र गार होई.

मी चादर लावली. पण इथला वारा समुद्रावरून येतो, आधीच पाण्याने जड झालेला. दुपार कलली तरी चादर ठिबकतच राहिली. वडिलांच्या कपाळावरचा घामही न वाळता, कोमट होऊन उशीत उतरत होता. उलट, होती नव्हती ती झुळूकही चादरीने अडवली. त्यांनी हात लांबवून तिचा काठ चाचपला, बराच वेळ धरून ठेवला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "काढ."